उंदीर का थांबला

सेगेद, ९ फेब्रुवारी २०१७

प्राध्यापक कारास बेनेडेक यांस,

माझा प्रबंध मंजूर झाला त्या दुपारी तुम्ही प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात जर्दाळूच्या दारूचे दोन पेले भरले होतेत. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे हातात हात अडकवून आपण ते रिकामे केले आणि तुम्ही म्हणालात, "आता मला 'तू' म्हणायचं, ओर्शोया. सर-बीर पुरे झालं." तेव्हापासून म्हणत आले. आजपासून बंद. तुम्ही मला काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी तुम्हाला 'तुम्ही' म्हणणार, कारण अनोळखी माणसांना मी तसंच म्हणते.

कागदावर लिहितेय, कारण माझ्या एकाही ई-मेलला तुम्ही उत्तर दिलं नाहीत.

देब्रेत्सेनच्या सभेत माझं व्याख्यान संपल्यावर तुम्ही उठलात. मला वाटलं, माझे जुने गुरू काहीतरी चांगलं विचारणार. तुम्ही म्हणालात, "टीमारबाईंनी उंदराचा मेंदू शिजवायची नवी कृती शोधली आहे. मीठ किती घालायचं तेवढं सांगावं." अख्खं सभागृह हसलं. मागच्या रांगेत माझे स्वतःचे विद्यार्थी बसले होते, त्यांनाही हसू आवरलं नाही. तुम्ही उत्तराची वाटसुद्धा न बघता खाली बसलात.

तेव्हा उत्तर आता ऐका. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक बारीक पुंजका आहे. शेवाळातलं एक प्रथिन त्या पेशींत घातलं की त्या प्रकाशाला जाग्या होतात. हे तुम्हीच मला शिकवलंत. मी केसाएवढ्या काचतंतूतून तिथे लाल प्रकाश सोडते आणि चाकावर पळणारा उंदीर जागच्या जागी थांबतो. माझा पेपर एवढंच म्हणतो. तुमचं म्हणणं असं, की प्रकाशाने मेंदू तापतो म्हणून उंदीर थांबतो. मग ज्या उंदरांत ते प्रथिन घातलेलंच नाही, ते त्याच प्रकाशात का थांबत नाहीत? त्यांच्याही डोक्यात तीच उष्णता गेली होती. हे पेपरात छापलेलं आहे. वाचायची तसदी घेतली होतीत का?

घेतली नसणार. तुम्हाला त्याची गरजच नव्हती. त्याच पेशी उंदराला पळवतात असं तुम्ही वीस वर्षांच्या कामावरून सांगत आलात, त्यावर तुमचं नाव उभं आहे. माझं खरं निघालं तर तुमचं खोटं निघतं. एवढं एक वाक्य सभेत बोलायचं तुमच्याकडून राहून गेलं.

टीमार ओर्शोया


बुडापेस्ट, २० फेब्रुवारी

ओर्शोया,

'तुम्ही' म्हण, नाहीतर 'महाराज' म्हण. त्याने उंदरांच्या वागण्यात फरक पडत नाही.

तुझा पेपर मला पूर्ण माहीत आहे. माझे डोळे त्यावर खर्च करायची इच्छा नव्हती, म्हणून हेडविगकडून वाचून घेतला. तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी मध्येच थांबून म्हणाली, "बेनेडेक, हे उंदीर वेगवेगळ्या खोल्यांत का ठेवलेत?" माझ्या बायकोला दिसलं ते तुला दिसलं नाही. प्रथिनवाले उंदीर तू हिवाळ्यात तळघरात तपासलेस. बिनप्रथिनाचे तपासलेस मे महिन्यात, वरच्या मजल्यावर, कारण तळघरात विजेच्या तारांची दुरुस्ती निघाली होती. तक्त्याखालच्या बारीक टिपेत तूच लिहिलं आहेस. दुसरी खोली, दुसरा ऋतू, आणि वर तू म्हणणार 'बाकी सगळं सारखं होतं'. माझ्याकडे पहिल्या वर्षाच्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला पिंजरे धुवायला पाठवलं असतं.

तुम्ही सेगेदवाले माशांचं कालवण चाळणीतून गाळून गुळगुळीत करून खाता. काटा लागायला नको. पुरावाही तसाच गाळायला लागलात का?

आणि तू विचारायच्या आधी सांगून टाकतो. प्राध्यापकपदासाठीच्या तुझ्या अर्जावर 'अद्याप परिपक्व नाही' असा शेरा मारणारा निनावी परीक्षक मीच. उद्या अर्ज पुन्हा आला तर पुन्हा तेच लिहीन. तू हुशार आहेस. तू घाईतही आहेस. दोन्हीची बेरीज वाईट होते.

कारास


सेगेद, ३ मार्च

प्राध्यापक कारास यांस,

आधी एक विचारते. तुमचं पत्र बारा कागदांचं होतं आणि प्रत्येक कागदावर जेमतेम सहा ओळी. एकेक अक्षर अंगठ्याएवढं. बालवाडीतल्या मुलीला लिहितात तसं. अपमान करायचाच होता तर मजकूर पुरेसा होता, एवढी शाई कशाला वाया घालवलीत?

शेरा तुमचा होता हे मला माहीत होतं. 'परिपक्व' हा शब्द दारू आणि चीज सोडून माणसांबद्दल वापरणारे तुम्ही एकटेच आहात. पण तुम्ही कबूल कराल असं वाटलं नव्हतं. त्यामुळे आता तुम्हाला भित्रा म्हणता येत नाही, याचंच वाईट वाटतं.

खोल्या वेगळ्या होत्या, मान्य. म्हणून उंदीर वेगळे वागले हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल. सिद्ध करा. मी माझे उंदीर तुमच्याकडे पाठवते, तुम्ही तुमचे माझ्याकडे पाठवा. कोणात प्रथिन आहे, कोणात नाही, हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही. कोण कुठला याची यादी पेच शहरातल्या कामिलाकडे बंद राहील. ती तिथल्या प्राणिगृहाची डॉक्टर आहे, तुम्हाला ओळखते, तिला तुम्ही आवडत नाही. मीही आवडत नाही. त्यामुळे तिच्यासारखा पंच मिळायचा नाही.

अटी माझ्या. तोच लाल प्रकाश, तेवढाच जोर, तेवढाच वेळ. आणि खोली पूर्ण अंधारी. काळा पडदा लावलेला, दिवे बंद, उंदीर फक्त कॅमेऱ्यातून बघायचा. माझ्या तळघरात तसंच होतं.

जमत नसेल तर तसं कळवा. मी ते सभेत वाचून दाखवीन.

टीमार


बुडापेस्ट, २२ एप्रिल

ओर्शोया,

कामिलाने यादी उघडली आहे. तुलाही तिचं पत्र आलं असेल, पण मी माझ्या तोंडाने सांगायचं सुख सोडणार नाही.

तुझे उंदीर माझ्याकडे एकदाही थांबले नाहीत. तुझ्या अटीप्रमाणे केलं. तोच प्रकाश, तोच जोर, खोली अंधारी. ज्यांच्यात प्रथिन होतं ते प्रकाश पडताच चाक असं फिरवायला लागले की पिंजरे ने-आण करणाऱ्या पिरोश्काला वाटलं, चाकाचा आसच निखळतोय. ज्यांच्यात नव्हतं त्यांना काही फरक पडला नाही. मी आजवर जे म्हणत आलो तेच. पेशी पळवतात. थांबवत नाहीत.

आता तुझा पेपर मागे घे. कारण लिहिताना लाजू नकोस, 'उष्णतेमुळे फसगत झाली' एवढं पुरे. तुझा काचतंतू स्वस्तातला असेल, नाहीतर टोक नीट घासलेलं नसेल. कोणाचाही होऊ शकतो असा घोटाळा आहे. मी सभेत बोललो ते जरा जास्त झालं, असं हेडविग म्हणते. मी तसं म्हणत नाही.

व्हिएन्नाच्या मंडळींनाही कळव. तुझ्या निष्कर्षावर ते माकडांत तंतू घालायची तयारी करताहेत, असं कानावर आलं.

कारास


सेगेद, २ मे

प्राध्यापक कारास यांस,

पेपर मागे घ्यायच्या आधी माझ्याकडे काय झालं ते ऐका.

तुमचे उंदीर माझ्या तळघरात थांबले. प्रथिनवाले थांबले. बिनप्रथिनाचेही थांबले. सगळे.

हे वाचून तुम्ही हेडविगबाईंना हाक मारली असेल, "बघ, उष्णताच." मलाही वाटलं तसं. त्या दिवशी मी घरी जाऊन काही न खाता झोपले. सकाळी उठल्यावर डोकं चालायला लागलं. उष्णता असेल तर तुमच्याकडेही उंदीर थांबायला हवे होते. तोच प्रकाश, तेवढाच जोर. उष्णता बुडापेस्टला जाऊन थंड होत नाही.

तुमच्याकडे काहीतरी वेगळं आहे. ते काय हे तुम्हाला माहीत नाही किंवा तुम्ही सांगत नाही आहात. मी येतेय. तुमची परवानगी मागत नाही, पिरोश्काशी बोलले आहे.

टीमार


सेगेद, १९ मे

कारास बेनेडेक,

मंगळवारी मी तुमच्या संस्थेत आले होते. तुम्ही मला व्हरांड्यात भेटलात. म्हणजे समोरून आलात, माझ्यापासून दोन हातांवरून गेलात, मी "नमस्कार" म्हणाले आणि तुम्ही मान किंचित हलवून पुढे निघून गेलात. शिपायाकडे बघून हलवतात तशी. इतकी वर्षं हातात हात घालून काम केलं आणि ही वागणूक. असो. त्याचं मला आता काही नाही, कारण पुढे जे दिसलं त्यापुढे ते किरकोळ आहे.

प्रयोगाच्या खोलीचा काळा पडदा बाजूला केला आणि दारातच उभी राहिले. वर दिवा चालू. साधा नाही, दंतवैद्याकडे असतो तसला मोठा, बरोब्बर चाकावर रोखलेला.

मी पिरोश्काला विचारलं, "हा आता साफसफाईला लावलायस का?"

ती म्हणाली, "नाही बाई, हा कायमच असतो."

"प्रयोग चालू असतानाही?"

"तेव्हा तर असतोच. सर म्हणतात, अंधारात काम चोरांनी करावं."

"एप्रिलमध्ये? माझे उंदीर तपासले तेव्हा?"

तिला कळलं की काहीतरी चुकतंय. हात पुसत म्हणाली, "मला काही माहीत नाही. मी पिंजरे आणते आणि नेते."

मी तिला एक उंदीर आणायला सांगितला, बिनप्रथिनाचा. चाकावर ठेवला. दिवा चालू ठेवून प्रकाश सोडला. उंदीर आपला पळत राहिला. मग तो दिवा बंद केला, पडदा ओढला, पण बाहेर कॅमेऱ्यापाशी न जाता आतच थांबले. माझ्या तळघरात मी कायम पडद्याबाहेर बसते. आत उभी राहून डोळ्यांनी कधी बघितलंच नव्हतं. प्रकाश सोडला आणि उंदराचे दोन्ही डोळे आतून लाल झाले. कंदिलाच्या काचेसारखे. आणि उंदीर थांबला.

त्याला दिसलं, कारास. आपण मेंदूत सोडलेला प्रकाश मेंदूतून पाझरून डोळ्यांच्या मागच्या बाजूने आत शिरतो. मिट्ट काळोखात अचानक आपल्याच डोक्यात वीज चमकली तर कोण थांबणार नाही? दिवा चालू असला की त्याला तेवढं जाणवत नाही. म्हणून तुमच्याकडे थांबत नव्हते. म्हणून त्या मे महिन्यात माझ्या वरच्या मजल्यावर, उन्हाच्या खोलीत, थांबले नव्हते. पेशींचा याच्याशी काही संबंध नाही. उष्णतेचाही नाही.

माझा पेपर चूक आहे. हे वाक्य मी तुम्हाला लिहून देतेय, जपून ठेवा.

पण तुम्ही लिहिलं होतं, 'खोली अंधारी'. तुमच्या त्याच अंगठ्याएवढ्या अक्षरांत. माझा प्रयोग मोडण्यासाठी तुम्ही अट मोडलीत आणि पाळली म्हणून सांगितलंत. मी चुकले. तुम्ही खोटं बोललात. मी हे नियतकालिकाच्या संपादकांना कळवणार आहे, दोन्ही गोष्टी, एकाच पत्रात.

टीमार


बुडापेस्ट, २८ मे

ओर्शोया,

थांब. संपादकांना अजून लिहिलं नसशील तर थांब.

व्हरांड्यात तू होतीस हे मला तुझ्या पत्रावरून कळलं. कोणीतरी बाई नमस्कार करून गेली एवढं समजलं होतं. आवाज ओळखीचा वाटला, पण मागे वळून विचारायची लाज वाटली. मला समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही. कडेकडेचं दिसतं: खांदे, भिंत, दाराची चौकट. जिथे बघावं तिथेच डाग असतो. दोन्ही डोळ्यांत. गेली तीन वर्षं वाढतोय. डॉक्टर म्हणतात, पूर्ण आंधळा होणार नाहीस, पण वाचणं आणि चेहरे विसर.

एवढा प्रखर दिवा असला तर चाक कुठे आहे, उंदीर कुठे आहे, हे मला कळतं. अंधारात मी त्या खोलीत माझे स्वतःचे हात शोधत बसतो. अक्षरं मोठी काढतो ती मला दिसावीत म्हणून. तू बालवाडी म्हणालीस ते हेडविगने वाचून दाखवलं. वाचताना तिचा आवाज बदलला. मी तिला म्हटलं, पुढे वाच.

आता खोटेपणाबद्दल. तुला हरवायला मी खोटं बोललो नाही. डोळे लपवायला बोललो. दिवा चालू होता असं लिहिलं असतं तर तू 'का' विचारलं असतंस. तुझं हरणं त्यात फुकट मिळालं. आणि ते मला आवडलं, हेही खरं आहे. उगाच सभ्य बनत नाही.

हे बाहेर गेलं तर माझी खोली जाते. दिसत नसलेल्या माणसाच्या हाती लेझर कोण ठेवील? आणि मग पुढचा प्रश्न येईल: याचं गेल्या तीन वर्षांतलं काम खरं किती?

म्हणून सांगतो ते शांतपणे ऐक. पेपर तुला मागे घ्यायचाच आहे. कारण 'उष्णता' लिही. लोकांना पटेल, मी आधीच सर्वांसमोर बोललोय. दिव्याचा विषय काढू नकोस. तुझा प्राध्यापकपदाचा अर्ज शरदात पुन्हा येणार आहे. परीक्षक मीच असेन. या वेळी शेरा वेगळा असेल. तुझा एक पेपर गेला तरी तुझं काही बिघडणार नाही.

मी कोणाकडे कधी काही मागितलेलं नाही, हे तुला माहीत आहे.

बेनेडेक


सेगेद, ६ जून

प्राध्यापक कारास यांस,

पत्र वाचलं. हेडविगबाईंनी पहिल्या वर्षी मला आंबट चेरीचं गार सूप करून घातलं होतं, ते आठवलं. मी लिहिलेलं त्यांना मोठ्याने वाचावं लागतं, हे मला माहीत नव्हतं. बालवाडीचं मी परत घेते. बाकी काही परत घेत नाही.

तुमच्या डोळ्यांचं वाईट वाटलं. आणि त्या वाईट वाटण्याचा तुम्ही त्याच पत्रात सौदा केलात, त्याचा राग त्याहून मोठा आहे. मला प्राध्यापक करणार तुम्ही, कशाच्या बदल्यात? मी दुसऱ्यांदा खोटं छापावं याच्या. फेब्रुवारीत मी अपरिपक्व होते. खोटं लिहिलं की पिकणार का?

'उष्णता' लिहिलं तर काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. सगळे मंद प्रकाश वापरतील, चांगले तंतू विकत आणतील आणि खोली अंधारीच ठेवतील. उंदीर थांबतच राहतील. दरवेळी कोणीतरी नवी 'थांबण्याची पेशी' शोधून काढील. व्हिएन्नावाल्यांना मी फोन केला होता. त्यांना मी म्हटलं, थांबा. ते म्हणाले, "का? कारास सरांनी सांगितलंय उष्णता आहे, आम्ही जोर कमी केलाय. पुढच्या महिन्यात पहिलं माकड." त्या माकडाची कवटी तुमच्या लाजेपायी उघडली जाणार आहे. हे हेडविगबाईंना वाचता येईल इतक्या स्वच्छ अक्षरांत लिहिते आहे.

मी तुमचे डोळे कोणाला सांगणार नाही. ते सांगायचा हक्क माझा नाही. पण दिवा चालू होता, हे मी लिहिणार. का चालू होता, असं कोणी विचारलं तर 'कारास यांना विचारा' म्हणेन. निवेदनाचा मसुदा सोबत जोडलाय. त्यावर दोन नावं आहेत, तुमचं आणि माझं. सही केलीत तर ते आपलं दोघांचं. नाही केलीत तर तुमचं नाव काढून माझं एकटीचं जाईल, आणि मग एप्रिलमधलं तुमचं पत्रही त्याच्यासोबत जाईल.

याला धमकी म्हणायचं असेल तर म्हणा. धमकीच आहे.

टीमार


बुडापेस्ट, ३० सप्टेंबर

ओर्शोया,

उन्हाळाभर तुला उत्तर दिलं नाही. तीन-चारदा सांगायला बसलो. दरवेळी जे तोंडात आलं ते हेडविगने लिहून घ्यायला नकार दिला.

सही तू पाहिलीसच. निवेदन छापून आलं त्याच आठवड्यात दिव्याचा प्रश्न आला. कोणी तुझ्याकडे विचारायला जायच्या आधी मी संचालकबाईंच्या खोलीत गेलो. त्या माझ्याहून वीस वर्षांनी लहान. सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "हे तुम्ही एकटे केव्हापासून सांभाळताय?" मी म्हटलं, "एकट्याने नाही, बायको आहे." मग त्यांनी खोलीची किल्ली मागितली. मी दिली. तीन वर्षांचं सगळं काम दोन तरुण मुलं पुन्हा तपासताहेत. आतापर्यंत एक आकडा चुकीचा निघाला, तोही त्यांच्याच एकाने टाइप केलेला. त्याला मी पिंजरे धुवायला सांगितलं. त्याने ऐकलं नाही. माझं आता कोणी ऐकत नाही.

प्राध्यापकपद तुला मिळालं नाही हे कळलं. त्या समितीत मी नव्हतो. असतो तर काय लिहिलं असतं माहीत नाही. कदाचित तेच. मागे घेतलेल्या पेपरावर लोक लगेच विश्वास ठेवत नाहीत आणि ते बरोबर आहे.

एक काम आहे. तू आता त्याच पेशींवर सुईसारखं बारीक भिंग घालून बघते आहेस, पेशी पेटताना प्रत्यक्ष, असं पिरोश्काने सांगितलं. मी आयुष्यभर त्या पेशींबद्दल बोललो, पण माझ्या काळी त्या अशा जिवंत, एकेक करून बघायची सोय नव्हती. आम्हाला नुसता एक धूसर उजेड दिसायचा. आता सोय आहे आणि डोळे नाहीत. चित्रफीत पाठवू नकोस, तिचा मला उपयोग नाही. शिवाय तुझ्या आकृत्या पहिल्यापासून भिकार. काय दिसतं ते शब्दांत लिही. गोड लिहू नकोस. आंधळ्यावर दया म्हणून काही लिहिलंस तर मी ते हेडविगला अर्ध्यात थांबवायला सांगीन.

बेनेडेक


सेगेद, १२ नोव्हेंबर

प्राध्यापक कारास यांस,

दया वगैरे काही नाही. तुमच्यामुळे माझं वर्ष गेलं. माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी औषधाच्या कंपनीत गेला. जाताना म्हणाला, "बाई, मला उंदरांनी फसवलेलं चालतं, माणसांनी नाही." तो तुमच्याबद्दल बोलत होता की माझ्याबद्दल, हे मी विचारलं नाही. व्हिएन्नाच्या लोकांनी माकडांचं काम बंद केलं आणि तसं कळवणारं त्यांचं पत्र इतकं थंड होतं की मी हातमोजे शोधले.

आता काय दिसतं ते.

दिवा चालू ठेवते, तुमच्यासारखा. भिंगाभोवती काळ्या रबराची टोपी बसवली आहे, म्हणजे दिव्याचा उजेड उंदराच्या डोळ्यांत जातो, मायक्रोस्कोपात नाही. उंदीर चाकावर बसलेला असतो. खाली पेशी असतात, जाग्या झाल्या की उजळतात असं दुसरं प्रथिन घातलेल्या. राखाडी पार्श्वभूमीवर राखाडी ठिपके, लक्ष देऊन बघितलं तरच दिसतात. पावसाळी दिवसात तिसा नदीच्या पाण्यावर बारीक बुडबुडे येतात तसे. बराच वेळ काही होत नाही. तुम्हाला कंटाळा आला असता, मला येतो.

मग कडेची एक पेशी उजळते. एकदम नाही, कोळशावर फुंकर घालावी तशी. उंदीर अजून हललेला नसतो. त्याच्या मिश्यासुद्धा स्थिर असतात. मग तिच्याजवळच्या दोन. मग मधल्या, एकीमागून एक, डावीकडून उजवीकडे. कोणीतरी हातात दिवा घेऊन घरातून चालत जावं आणि एकेका खोलीच्या खिडकीत उजेड यावा तसं. शेवटच्या खिडकीत उजेड आला की उंदराचा मागचा पाय हलतो. मग चाक फिरतं.

म्हणजे पेशी पळवतात. तुमचं खरं. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा उठून खोलीभर फिरले आणि तुमच्या नावाने मोठ्याने एक शिवी दिली. ती हेडविगबाईंना वाचायला लावत नाही.

पण तुमच्या पेपरात लिहिलंय की सगळ्या पेशी एकदम पेटतात. ते चूक आहे. त्या रांगेने पेटतात आणि रांग दरवेळी त्याच कडेपासून सुरू होते. तुमच्या धूसर उजेडात रांग दिसली नाही आणि तुम्हाला वाटलं, रांग नाहीच. पहिल्या वर्षाच्या पोराने असं केलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात? हे मी छापणार आहे. त्यात तुमचा पेपर दुरुस्त करणारा एक परिच्छेद असेल आणि तो मी मऊ करणार नाही.

एक गोष्ट मात्र मला उलगडत नाही. उंदीर धावून धावून थांबतो, सगळ्या पेशी एकेक करून विझतात, पण ती कडेची पहिली पेशी बराच वेळ तशीच उजळलेली राहते. उंदीर शांत बसून तोंड धुवायला लागतो तरी ती जळतेच. का, ते मला कळत नाही. आठवडाभर तेच बघतेय. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. चुकीचं असलं तरी चालेल.

टीमार ओर्शोया